खिंडीपलीकडची राणी

फार पूर्वी उंच पहाडांत एक चिमुकलं राज्य होतं. खालच्या हिरव्या खोऱ्यात मेंढ्या राहत, वरच्या खडकाळ खोऱ्यात कस्तुरीमृग. मधे एकच अरुंद खिंड. भुरी नावाची म्हातारी याक गाय तिथली राणी होती.

एका वर्षी बर्फ लवकर पडला. मृग नेहमीसारखे चरायला खाली येणार, तोच मेंढ्यांचा म्होरक्या वाकडशिंग्या दरबारात आला.

"राणीसाहेब, यंदा गवत कमी आहे. खिंड बुजवू या. त्यांचं ते बघून घेतील."

"सगळ्यांचं हेच म्हणणं?"

मेंढ्यांनी माना डोलावल्या. भुरीला वाईट वाटलं, पण ती रागावली नाही. उठली आणि सावकाश खिंडीकडे निघाली.

"कुठे निघालात, राणीसाहेब?"

"पलीकडे. तिकडचीही मी राणीच ना? मी पोचले की बुजवा."

ती पलीकडे जाऊन बर्फात बसली. वाकडशिंग्याने शिंगांनी एक धोंडा लोटला, पण राणीच्या पाठीवर साचत चाललेला बर्फ पाहून तो थबकला. दुसरा धोंडा लोटायला कुणीच पुढे येईना. शेवटी मान खाली घालून तो म्हणाला, "परत या, राणीसाहेब. येताना त्यांनाही घेऊन या."

त्या हिवाळ्यात सगळेच अर्धपोटी राहिले. पण बर्फ वितळला तेव्हा दोन्ही खोऱ्यांतलं एकही पिल्लू कमी झालं नव्हतं.