मेणवेलीचे वाळके देठ

फार मागची गोष्ट आहे. तुमच्या आजीच्या आजीलाही ती जुनीच वाटायची, इतकी मागची. समुद्राकाठी एक राज्य होते आणि त्या राज्यात एक नियम होता, की वाळलेले काही राजाच्या नजरेस पडता कामा नये. वाळके पान नको, सुकलेला हार नको, अंगणात पडलेली काटकीसुद्धा नको. उजाडले की नोकरमाणसे टोपल्या घेऊन निघत आणि राजा उठायच्या आत सगळा महाल हिरवागार करून ठेवत. आता असे जगात कधी कुणाला जमले आहे? पण राजापुढे बोलणार कोण.

राजाच्या आईच्या दालनात, खिडकीशी, एका शिंकाळ्यात वेल टांगलेली होती. ही थोरली राणी लग्न होऊन आली तेव्हा माहेरच्या बेटावरून ती सोबत घेऊन आली होती. पाने जाड आणि गुळगुळीत, फांद्या खाली लोंबणाऱ्या, आणि फुलांचे झुबके असे की जणू मेणाच्या चांदण्या कुणी बसून घडवल्या आहेत. म्हणून सगळे तिला मेणवेल म्हणत. मरताना राणी मुलाला म्हणाली होती, "ही फुलतेय तोवर मी इथंच आहे, असं समज." तिचे दिवस झाले आणि लगेच राजाने तो वाळक्याचा नियम काढला.

नेमकी तेव्हापासून वेल कमी कमी फुलू लागली. भरगच्च झुबक्यांच्या जागी चार झुबके, मग दोन, मग कुठे एखादा. राजा माळ्यावर चिडला. माळी म्हातारा होता, पण त्याची गय झाली नाही. त्याची रवानगी खाडीपलीकडच्या मिठागरात झाली आणि त्याच्या जागी त्याचीच लेक आणून उभी केली गेली. तिचे नाव गोजरा.

राजा तिला एवढेच म्हणाला, "आईच्या तिथीला वेल फुललेली दिसली तर तुझा बाप घरी येईल. नाही दिसली, तर तू त्याच्या सोबतीला जाशील."

मिठागरातून परतलेला एक माणूस गोजराने लहानपणी पाहिला होता. त्याच्या तळपायांना भेगा पडल्या होत्या आणि भेगांत मीठ भरले होते. पाऊल टाकताना तो ओठ घट्ट मिटून घेई. बापाचे पाय आता तसेच झाले असतील, असे तिला सारखे वाटे.

तिने वेलीला जिवापाड जपायला सुरुवात केली. खरे सांगायचे तर भ्यायलेले माणूस जपते तसे. माती कोरडी दिसली की पाणी, आणि ओली दिसली तरी आणखी थोडे पाणी, न जाणो. सकाळी शिंकाळे पूर्वेच्या खिडकीत, दुपारी पश्चिमेच्या. बिचाऱ्या वेलीला एका जागी धड श्वासही घेऊ दिला नाही तिने. एखादे पान पिवळे पडले की ते खुडून ती कमरेला खोची आणि कुणी पाहिले तर नाही ना, म्हणून दाराकडे बघे.

रोज सकाळी कारभारी येत आणि छडीने एकेक पान उचलून खालून तपासत.

"वाळकं काही नाही ना, गोजरा?"

"नाही जी."

कारभारी तसे दुष्ट नव्हते. आधीच्या कारभाऱ्यांचे काय झाले ते त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते, इतकेच.

आता या वेलीची एक रीत होती. फुले गळून गेली तरी ज्या देठावर ती आलेली असत तो देठ गळत नसे. बोटाच्या पेराएवढा, बोडका, तपकिरी असा तो तिथेच राही, आणि कुणालाही तो मेलेलाच वाटावा. असे देठ कापायला महालात खास कात्री होती. पूर्वी ती बापाच्या हातात असे. पहिल्याच दिवशी कारभाऱ्यांनी ती गोजराला दिली आणि तिने मागच्या वर्षीचे देठ कापून टाकले. एक देठ जाड पानाआड राहून गेला आणि तो राहिल्याचे तिलाही कळले नाही.

तिथी तोंडावर आली. वेलीवर एक फूल नव्हते. गोजरा ओल्या फडक्याने पाने पुसत होती आणि तेवढ्यात तो देठ तिच्या बोटांना लागला. इतके दिवस वाळकी काडी आपल्या नजरेतून सुटली आणि कारभाऱ्यांच्याही. तिने घाईघाईने कात्री उचलली, पान बाजूला केले आणि तिचा हात तसाच राहिला.

देठाच्या टोकाला खसखशीएवढ्या कळ्या होत्या. दाटीवाटीने बसलेल्या, गुलाबीसर.

तिला सगळे उलगडले. देठ मेलेला नसतोच. मेणवेल वर्षानुवर्षे त्याच जुन्या देठांवर फुलते, आणि महालातली माणसे दर वर्षी पुढच्या वर्षाची फुले आधीच कापून ठेवतात. थोरल्या राणीच्या वेळी हा नियम नव्हता, म्हणून वेल फुलत होती. बाप सुटणार, या कल्पनेने गोजराला रडू आले.

आणि बाहेर छडीचा आवाज आला.

ती दचकून मागे सरली, पण देठावर पान ओढायचे राहून गेले. कारभारी जवळ आले. त्यांची नजर वाळके शोधायला इतकी सरावली होती की त्यांना देठ दिसला, कळ्या दिसल्या नाहीत.

"हे काय राहिलंय?"

"कारभारी, ते जरा..."

"ते जरा काय?"

सांगायचे काय? वेल माळ्यामुळे नाही, राजाच्या नियमामुळे फुलायची थांबली, हे? असे बोललेल्या माणसाला मिठागर तरी मिळाले असते का, कोण जाणे. तिच्या डोळ्यांपुढे भेगाळलेले तळपाय आले.

"राहून गेलं जी," ती म्हणाली. आणि तिने कापला.

कापल्या जागेतून पांढरा चीक आला आणि तिच्या बोटांवर ओघळला. मेलेल्या काडीतून चीक कुठला यायला? पण कारभारी तोवर पुढच्या दालनाकडे वळले होते. गोजराने तो देठ कळ्यांसकट पदराच्या गाठीत बांधला. बापाला आपणच कापले, असे तिला वाटत होते.

तिथीच्या दिवशी राजा आईच्या दालनात आला. त्याने वेल वरपासून खालपर्यंत पाहिली. मग तो खिडकीच्या कट्ट्यावर बसला.

"म्हणजे आई गेली," तो हळूच म्हणाला.

कारभारी गडबडीने पुढे झाले. "महाराज, बाप तशीच लेक. हिला आजच खाडीपार..."

गोजराच्या मनात आले, आता जायचे तर आहेच, मग भ्यायचे कशाला आणि किती? तिने पदराची गाठ सोडली.

"महाराज, फुलं येत होती. मी कापली."

"का?"

"तुमच्या भीतीनं."

मग तिने सगळे सांगितले. देठांचे सांगितले, कात्रीचे सांगितले, थोरल्या राणीच्या वेळचे सांगितले. कारभाऱ्यांनी मान खाली घातली. राजाने हात पुढे केला आणि तिने देठ त्याच्या तळहातावर ठेवला. कळ्या सुकल्या होत्या. बोट लागताच त्यांचा भुगा झाला.

गोजराने पाहिले, राजाने झटकन नजर दुसरीकडे वळवली होती. महालात भिणारे आपणच, असे तिला आजवर वाटत होते.

"मला वाळलेलं बघवत नाही," राजा म्हणाला. "शेवटी अंथरुणावर ती तशीच दिसत होती. पुन्हा तसं काही बघायला नको, एवढंच वाटायचं मला."

त्याच दिवशी नियम रद्द झाला आणि होडी खाडीपार गेली. बाप घरी आला, पण दोन माणसांच्या खांद्यांवर हात टाकून. गोजराने शिंकाळे एका खिडकीत कायमचे टांगले आणि माती सुकल्याशिवाय पाणी घालणे सोडले. राजा रोज येऊन वेलीखाली बसे. पण जे देठ कापले गेले ते काही परत आले नाहीत. नवे धरायला वेलीला वर्षांमागून वर्षे लागली. ती पुन्हा भरगच्च फुलली तेव्हा ते पाहायला ना राजा उरला होता, ना म्हातारा माळी. केस पिकलेली गोजरा एकटीच तिथे उभी होती.

म्हणून लक्षात ठेवा, लहानांनो आणि मोठ्यांनो: जिथे खरे बोलायची भीती असते, तिथे माणसे उद्याची फुले आपल्याच हातांनी कापून टाकतात.