सरांना नको असलेली सेना

आमच्या नाशिकच्या क्लबात टेबलावर छोटे पुतळे मांडून काल्पनिक लढाया खेळतात, आणि क्लबातले सगळ्यात जुने खेळाडू धारणकर सर यांना विचारल्याशिवाय नवीन माणूस पहिली सेना घेत नाही. शाल्मलीने तीन रविवार विचारलं. धनुर्धारी यक्ष घेऊ का, तर नाजूक आहेत, तुला सांभाळायचे नाहीत. ड्रॅगन घेऊ का, तर ते नवख्यांचं काम नाही. वेताळ घेऊ का, तर रंगवता रंगवता म्हातारी होशील. मी या पुतळ्यांचा दुकानदार. खोकी काढून परत ठेवताना माझे हात भरून आले.

चौथ्या रविवारी तिने प्रश्नच उलटा केला. "सर, समोरच्याने कोणती सेना मांडली की तुमचं डोकं उठतं?"

"कुऱ्हाडवाले बुटके," सर ताडकन म्हणाले. "जागचे हलत नाहीत आणि मरतही नाहीत. गेल्या स्पर्धेत चार तास रडवलं मला."

"काका, बुटक्यांचं खोकं काढा," ती मला म्हणाली.

"अगं, ते तुला झेपणार नाहीत," सर वैतागले.

"सर, बाकीच्या सेनांबद्दल बोलताना तुम्हाला माझी काळजी होती. बुटक्यांबद्दल बोलताना स्वतःची होती."