दाणे मोठे होत गेलेली भिंत

तांबटांची एक आळी होती. तिथं दिवसभर हातोडे चालत. हंडे, घागरी, पराती, सगळं ठोकून ठोकून घडायचं. आळीच्या तोंडाशी आवडाबाई नावाची एक बाई राहायची. ती लोकांचे कान मोजायची.

तिची रीत सोपी होती. तांब्याच्या ताटलीवर वीतभर उंचीवरून एक दाणा टाकायचा. समोरच्यानं पाठ करून, डोळे मिटून उभं राहायचं. आवाज आला की बोट वर करायचं आणि एक पाऊल लांब जायचं. बोट वर होईनासं झालं की पावलं मोजायची. चांगल्या कानाला वीस पावलं. हे वीस तिनं ठरवले ते स्वतःच्या कानावरून. दर वर्षी ती बाजारातून दाणे आणी, वीस पावलांवर स्वतः उभी राही आणि जो दाणा ऐकू येई तोच त्या वर्षी सगळ्यांसाठी चालवी. मग घरोघरचे आकडे गेरूनं भिंतीवर लिही आणि शेजारी त्या वर्षीचा दाणा चुन्यात चिकटवून ठेवी. बाई मोठी काटेकोर होती. काटेकोर माणसाची चूकही काटेकोरच होते, पण ते पुढं.

आळीकडून तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. ठोकताना कानांत मेण लावलेल्या कापसाचे बोळे घालावेत, ही एक. तान्ह्या पोरांचे पाळणे दुकानांतून हलवावेत, ही दुसरी.

कारण पाळणा ऐरणीपासून चार हातांवर टांगायची आळीची चाल होती. हातोडे सुरू झाले की पोरं गाढ झोपत. खंडेनवमीला अवजारांची पूजा होई, हातोडे गप्प असत, आणि नेमकी त्या दिवशी आळीभर पोरं किरकिरत. म्हणजे पोराला ठोक्यांचीच अंगाई हवी, हे सिद्धच झालं. पोर झोपत असलं की आई फार चौकशा करत नाही.

बोळ्यांचं तर नावच नको. आळीत म्हणत, 'कान गेला की हात आला.' ज्याला अजून ऐकू येतं त्याला घाट साधलेला नाही. त्याला मोठा हंडा कुणी करायला देत नसे.

आळीचा म्होरक्या सखोबा. त्याचा हात सगळ्यांत भारी, त्यामुळे त्याच्याशी बोलायचं ते ओरडून. आळीत गुपित असं राहतच नसे.

"बोळे घाला हो सखोबा!" आवडाबाई त्याच्या दारात उभी राहून ओरडे.

"आमचं काम कानानं होत नाही, बाई!"

"निदान पाळणे तरी हलवा!"

"तुमचीच भिंत बघा की. सहा वर्षं झाली, माझी सात पावलं म्हणजे सातच. आळीत कुणाचा कान उतरलाय? मग पोरं काय उन्हात टांगू?"

भिंत खरंच तसं सांगत होती. पहिली चौदा वर्षं आकडे उतरत गेले होते आणि पुढं पाचर मारल्यासारखे थांबले होते. आपण इतकी वर्षं ओरडलो ते उगाच की काय, असं तिला अधूनमधून वाटे.

चार जणी तिच्याकडे ही विद्या शिकत. त्यांतली हौसा ही सखोबाची धाकटी सून. तिचं पाच महिन्यांचं पोर सखोबाच्याच दुकानातल्या पाळण्यात असे.

खंडेनवमीच्या आठ दिवस आधी हौसा मापं घ्यायला निघाली. त्या वर्षी हरभरा चालू होता. पण पोराचं आवरण्याच्या गडबडीत हरभऱ्याची पुरचुंडी घरीच राहिली. तिनं एका घरातून मूठभर ज्वारी मागून घेतली आणि काम उरकलं. आकडे आले ते निम्म्याहून कमी. सखोबाची तर तीनच पावलं.

"दाणा हळू टाकलास," आवडाबाई म्हणाली. "निम्मं लक्ष पोरात असतं तुझं."

"वीतभरच उंच होता, बाई."

"मग ताटली वाकडी धरली असशील. वीस वर्षं झाली मला या कामात, हौसे."

हौसा भिंतीकडे बघत होती.

"बाई, हा दाणा ज्वारीचा. त्याच्या आधीचे सगळेही ज्वारीचेच. मग इथं मूग का?"

"त्या साली ज्वारी पोकळ आली होती. वाजेना."

"आणि मग तूर?"

"मूग बारीक निघाला."

"आणि हरभरा?"

आवडाबाईनं ताटली हौसाच्या हातात दिली. ती स्वतःच भिंतीकडे पाठ करून उभी राहिली. हौसानं ज्वारीचा दाणा टाकला. अकराव्या पावलापर्यंत बोट वर झालं. बाराव्या पावलाला झालं नाही. हौसानं तीनदा टाकून पाहिलं.

दाणे खराब नव्हतेच. आळीचा कान उतरत होता, आणि मोजणारीचा कान त्याच्याबरोबरीनं उतरत होता. वीस वर्षं ती दुकानांच्या दारांत उभी राहून बोळे घाला म्हणून सांगत होती, पण स्वतःच्या कानांत तिनं एकदाही घातले नव्हते. लोकांचं उलट बोलणं ऐकू यायला हवं ना. आपण सांगतो ते आपल्यालाही लागू आहे, हे सांगणाऱ्याला क्वचितच सुचतं.

हौसा कुणाला सांगणार नव्हती. दसरा तोंडावर होता, घरोघर भिंतींना चुना लागत होता. आवडाबाईच्या दारातही चुन्याची बादली कालवून तयार होती. एक हात फिरवला असता तर वीस वर्षांची अब्रू शाबूत राहिली असती. पाळणेही जागच्या जागी राहिले असते.

खंडेनवमीला आळी तिच्या अंगणात जमली. दर वर्षी त्या दिवशी ती आकडे वाचून दाखवी. हातोड्यांना झेंडूच्या माळा होत्या. दुकानांतून पोरांची किरकिर येत होती.

"माझा नातू बघा!" सखोबा म्हणाला. "आजसुद्धा गाढ! आत्तापासून पक्का तांबट आहे!"

हौसा दुकानाच्या दाराकडे बघत राहिली.

आवडाबाई उभी राहिली. ओरडूनच सांगायचं होतं, त्यामुळे हळूच उरकायची सोय नव्हती.

"यंदा आधी माझा आकडा! अकरा! मागच्या सहा वर्षांचे सगळे आकडे खोटे आहेत! तुमचे कान उतरतच होते! माझेही उतरले, आणि मला कळलं नाही, म्हणून मी दाणे मोठे करत गेले!"

आणि तिनं चुन्याचा कुंचला घेऊन भिंतीवरच्या सहा ओळींवर सगळ्यांदेखत रेघ मारली.

आळी हसत सुटली.

"कान मोजणारीचेच कान गेले!" सखोबाच्या डोळ्यांत हसून पाणी आलं. "मग आता एखादा हंडा घडवा, बाई! कान गेला की हात आला!"

"आणा हातोडा," आवडाबाई म्हणाली. "जन्मात धरला नाही, पण कान तर गेलाय. बघू येतोय का हात."

हसणं विरळ होत होत थांबलं. सखोबा तिच्या हातांकडे बघत राहिला. हात न येताच कान गेला होता. आळीच्या म्हणीत याला जागा नव्हती.

"कधीच नाही धरला?" त्यानं विचारलं.

"तुमच्या दारांत उभी राहिले. तेवढंच."

सखोबा वळला आणि दुकानात शिरला. पाळण्यातल्या पोरानंही हातोडा धरला नव्हता. त्यानं नातवाला हाक मारली. मग आणखी मोठ्यानं मारली. पोर झोपलेलंच.

"थांबा, मामंजी," हौसा म्हणाली. तिनं पोराला हलवून उठवलं आणि मांडीवर घेतलं. आवडाबाईनं मागं ताटली ठेवून ज्वारीचा दाणा टाकला. पोरानं मान वळवली. मग ताटली घेऊन ती एकेक पाऊल मागं सरकत गेली. सहा पावलांपर्यंत मान वळली. सातव्या पावलाला पोर आपल्या अंगठ्याशी खेळत राहिलं.

सखोबानं स्वतःच्या हातानं पाळण्याची कडी काढली. दिवस मावळायच्या आत बहुतेक पाळणे उतरले. दोघातिघांनी नाही उतरवले. सगळेच ऐकतात असं कुठं होतं.

पुढच्या वर्षी वीस पावलांवर आवडाबाई उभी राहिली नाही. तिनं शेजारच्या गावातल्या, हातोड्यांपासून लांब राहणाऱ्या पाच कुंभारांना उभं केलं, कारण एका कानाचा भरवसा धरायचा नाही हे तिला आता कळलं होतं. भिंतीवर पोराच्या नावापुढं पुन्हा सहा लिहिलं गेलं.

"आकडा वाढला नाही होय?" सखोबानं विचारलं. त्याच्या कानांत बोळे होते, उरलेल्या तीन पावलांसाठी. ते काढून त्यानं उत्तर ऐकलं.

"गेलेलं परत येत नाही, सखोबा. सहाचे सहा राहिले, हेच पुष्कळ."

शेजारी तिनं दाणा चिकटवला. ज्वारीचा.

तात्पर्य: दुसऱ्याला मोजणाऱ्यानं आधी आपलं माप तपासावं, आणि ते चुकलं असेल तर आपल्याच तोंडानं सांगावं. वीस वर्षांच्या उपदेशानं जे होत नाही, ते कधीकधी एका कबुलीनं होतं.