मैनीचा समुद्रापार जाण्याचा अर्ज

विषय : लहान होडीस एकटीने वल्हवत समुद्र ओलांडण्याची परवानगी मिळणेबाबत.

होड्या बोलत असत आणि नांगर त्यांचे ऐकून घेत नसत, त्या काळातली ही गोष्ट. मैनी नावाची होडी वाळूवर ओढून ठेवली होती. उन्हाने तिच्या फळ्या उलू लागल्या होत्या. आणखी एक उन्हाळा असाच गेला, तर चुलीत जायची पाळी. ती दिवसभर वल्ही चाळवत बसे आणि बंदराचे कारभारी नांगरोबा दिसले, की विचारी, "काका, माझ्या अर्जाचं काय झालं?"

"होईल गं! पण सोबतीण असल्याशिवाय होडी सोडायची नाही, हा बंदराचा रिवाज. तिचं नाव दे."

"पण मला एकटीनंच जायचंय!"

"जा की! आमची कुठं ना आहे? फक्त एकटीनं जाताना सोबतीला कोण, तेवढं सांग."

मैनीने शेजारणींना विचारून पाहिले. त्या पोट धरून हसल्या.

अमावास्येच्या उधाणाचे पाणी तिच्या तळाखाली शिरले, ती हलकी झाली. नांगरोबा सभेत होते. मैनीने एकदा तिकडे पाहिले आणि वल्ही मारायला सुरुवात केली.

अर्जदार सुनावणीस हजर नसल्याने अर्ज अद्याप प्रलंबित आहे.