टिटवीचे चार दिवस

सात टेकड्यांच्या कुशीत एक जंगल होते आणि त्या जंगलातल्या पाणवठ्यावर एक टिटवी पहारा करीत असे. मुलांनो, टिटवी म्हणजे काही गरुड नव्हे. काडीसारखे पिवळे पाय, मूठभर अंग. आवाज मात्र असा, की दगडानेही दचकून उठावे. बिबट्याचे शेपूट गवतात नुसते हलले तरी ती "टिव् टिव् टिटिव्!" करून सारे रान डोक्यावर घेई, आणि पाण्यावर आलेली जनावरे पळून जात. पाणी प्यायचे तर मान खाली घालावी लागते, आणि मान खाली घातली की मागचे काही दिसत नाही. त्या जंगलातली हरणे आणि भेकरे बिनघोर मान खाली घालत, ती टिटवीच्या भरवशावर. तिच्या पहाऱ्यात आजवर एकही जनावर दगावले नव्हते, आणि ही गोष्ट ती कोणी न विचारताही सांगत असे.

टेकडीच्या पलीकडे एक मोठा माळ होता. तिथे ससे आणि लावे चरत. घारी वरून त्यांच्यावर टपलेल्या आणि कोल्हे गवतातून, म्हणून माळावरही पहारेकरी होता. तो होता मोर. एके दिवशी हा मोर कोणाला काही न सांगता निघून गेला. पलीकडच्या जंगलात म्हणे नाचायला मोठे पटांगण होते आणि नाच बघायला लांडोरीही पुष्कळ होत्या.

जंगलाचे राज्य हत्तीचे, पण कारभार बगळ्याच्या हाती. बगळा पांढराशुभ्र, पंखांवर चिखलाचा एक शिंतोडा नाही. दिवसभर एका पायावर डोळे मिटून उभा असायचा, त्यामुळे तो फार विचार करतो असा सगळ्यांचा समज होता. तो टिटवीकडे आला आणि गोड आवाजात म्हणाला, "टिटवीबाई, मोर गेला. माळ उघडा पडलाय. नवा पहारेकरी मिळेपर्यंत तेवढं सांभाळून घ्या. चारच दिवसांचा प्रश्न आहे."

"पण कारभारी, माझा पाणवठा?"

"तो आहेच की! तुम्हाला काय, पंख आहेत. घटकाभर इकडे, घटकाभर तिकडे. अहो, टिटवीदेखील समुद्र आटवते म्हणतात. एवढासा माळ तुम्हाला जड आहे का?"

आता टिटवीच्या जातीची एक खोड सांगतो. टिटव्या म्हणे पाय वर करून झोपतात. का, तर आभाळ कोसळलेच तर पायांवर तोलून धरता यावे! ज्यांच्या घरी अंड्यातून बाहेर आल्यापासून आभाळ तोलायच्या गप्पा चालतात, त्यांच्या चोचीतून "मला जमणार नाही" हे शब्द कसे निघावेत? समुद्राचे नाव काढताच टिटवीची छाती फुगली.

"चारच दिवस ना? जमवते," ती म्हणाली.

चार दिवसांचे आठ झाले, आठाचे चाळीस झाले. टिटवीने मोठ्या हुशारीने वेळा बांधल्या. सकाळी माळ, दुपारी पाणवठा, उन्हे कलली की पुन्हा माळ, दिवस मावळता मावळता पुन्हा पाणवठा. सुरुवातीला तिला स्वतःचेच कौतुक वाटले. मग किडे वेचून खायला वेळ पुरेना. पंख जड झाले, आवाज घोगरा झाला, उभ्या उभ्या डुलकी लागू लागली. एकदा वाळलेले पान हलले म्हणून ती बोंबलत सुटली, आणि एकदा खरोखरचा कोल्हा दहा पावलांवरून गेला तो तिला वाळलेले पान वाटला. नशीब, कोल्ह्याचे पोट भरलेले होते.

ती बगळ्याकडे गेली. "शोध चालू आहे," बगळा म्हणाला. काही दिवसांनी ती पुन्हा गेली. "तुमच्यासारखं कोणी मिळत नाही हो, हीच तर अडचण आहे," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी भरसभेत तिची तोंड भरून स्तुती करून त्याने तिच्या डोक्यावर रानफुलांचा तुरा खोवला. तुरा फार सुंदर होता, फक्त उडताना डोळ्यांवर येत असे.

तिसऱ्यांदा मात्र टिटवी निर्धाराने गेली. "कारभारी, माळावरची जागा तुम्ही भरणार आहात की नाही?"

बगळ्याने एक डोळा किलकिला केला. "जागा रिकामी असली तर भरतात, टिटवीबाई. माळावर पहारा नाही अशी एक तरी तक्रार आमच्याकडे आली आहे का? नाही आली. मग जागा रिकामी कशी?"

 टिटवीला वाद घालायलाही वेळ नव्हता, पाणवठ्यावर जायची वेळ झाली होती.

इकडे बिबट्या काही दिवस करवंदीच्या जाळीआड पडून सगळे पाहत होता. पहाऱ्याची वेळ बांधली गेली की शिकाऱ्याचीही बांधली जाते. उन्हे कलली की टिटवी टेकडीपलीकडे जाते, हे त्याला चांगले पाठ झाले होते.

त्या दिवशी उन्हे कलल्यावर एक हरिणी आपल्या पाडसाला घेऊन पाण्यावर आली. पाणवठा शांत होता. पाणवठा शांत आहे म्हणजे टिटवीला काही दिसलेले नाही, असे समजून तिने मान खाली घातली. पाडसानेही घातली. टिटवी तेव्हा माळावर होती. एक घार सशांच्या पिल्लांवर घिरट्या घालत होती, म्हणून ती नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबली होती. घार गेली तशी ती जिवाच्या आकांताने टेकडी ओलांडून आली आणि वरूनच तिला लव्हाळ्यात पिवळे अंग आणि काळे ठिपके दिसले. ती ओरडली. घोगऱ्या गळ्यातून अर्धाच आवाज निघाला. तोवर बिबट्याने झेप घेतली होती.

काठावरच्या ओल्या दगडावरून त्याचा मागचा पाय घसरला, एवढ्यानेच पाडस वाचले. पाठीवर तीन लांब ओरखडे घेऊन ते आईमागे झाडीत धावले. बिबट्या पाण्यात पडला आणि चिडून निघून गेला.

टिटवी हरिणीला शोधत झाडीत गेली. हरिणी पाडसाच्या जखमा चाटत होती. ती ओरडली असती, भांडली असती तर टिटवीला बरे वाटले असते. ती शांतपणे म्हणाली, "ताई, तू नव्हतीस."

"माळावर होते गं. घार आली होती, सशांची पिल्लं..."

"असशील. तुझ्यामागे दोन कामं आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे. पण तू नाहीस हे मला माहीत नव्हतं ना! माहीत असतं तर मी मान खाली घातलीच नसती. मी उभी राहून पाहिलं असतं आणि याला आधी पाजलं असतं."

टिटवीला लाज वाटली. राग आला, आणि तो बगळ्यापेक्षा स्वतःचाच जास्त आला. ती काठावर येऊन बसली आणि कितीतरी दिवसांनी तिने नीट विचार केला. आणखी जोरात उडावे? अंगात होते नव्हते तेवढे बळ तर आजच लावून झाले होते. मोरासारखे निघून जावे? मग उद्या दुसरी हरिणी अशीच मान खाली घालील. मोर न सांगता गेला हे वाईटच केले, पण त्याची रिकामी जागा आपल्या पंखांनी झाकली कोणी? आपण! आपण दोन्हीकडे आहोत असे दाखवत राहिलो आणि धड कुठेच नव्हतो. माळावर चरणाऱ्याला एकाने मान वर ठेवून, पाळी लावून चरता येते. पाण्यावर एकटीदुकटी आलेली आई काय पाळी लावणार? शिवाय पाणवठा हे आपले काम. माळ आपल्याकडे नुसता आला होता. एवढा विचार होईपर्यंत दिवस मावळला, आणि टिटवीचा निर्णय झाला.

सकाळी तिने डोक्यावरचा तुरा काढून टाकला, आपण पाणवठ्यावर कोणत्या वेळी नसतो ते हरणांना सांगितले आणि माळावर जाऊन सगळ्यांना गोळा केले. "ऐका रे! आजपासून तीन दिवस मी इथे येईन. चौथ्या दिवसापासून येणार नाही. त्या दिवशी माळावर पहारा नसेल, हे आत्ताच ऐकून ठेवा, आणि घरी राहिलेल्यांनाही सांगा."

एक तरणा ससा ताडकन उठला. "वा गं मावशी! हरणांचा जीव तो जीव, आणि आमचा काय पालापाचोळा?"

टिटवीला ते लागले. पण ती मागे हटली नाही. "तुमचाही जीवच आहे, म्हणून तर खोटा पहारा देत नाही. परवा कोल्हा माझ्यासमोरून गेला आणि मला दिसला नाही, ठाऊक आहे तुम्हाला? तुम्हाला धडधाकट डोळ्यांचा पहारेकरी हवा, तो मागा. मी इथे पेंगत उभी आहे तोवर तुम्ही मागणार नाही, आणि कोणी देणारही नाही."

मग ती बगळ्याकडे गेली आणि त्यालाही तेच सांगितले. बगळ्याने दोन्ही डोळे उघडले आणि, आश्चर्य म्हणजे, दुसरा पायही खाली टेकला. "म्हणजे काम नाकारता? पाणवठाही हातचा जाईल, विचार करा."

 टिटवी म्हणाली, "काढून घ्या. मात्र ज्या दिवशी काढून घ्याल त्या दिवशी मी पाणवठ्यावर उभी राहून ओरडून सांगेन, की आजपासून इथे कोणी नाही, माना वर ठेवा. कारभारी, माझं काम मी सोडत नाही. तुमची रिकामी जागा झाकणं तेवढं सोडते."

बगळा "बघू, बघू" म्हणाला आणि त्याने डोळे मिटले. त्याला वाटले, टिटवी आहे, ओरडते आणि शेवटी येते.

चौथ्या दिवशी माळावरचा पहाऱ्याचा दगड रिकामा होता. लहानथोर सगळ्यांना तो लांबूनही दिसला. सशांनी पाळी लावून चरून पाहिले; निम्मे चरायचे, निम्मे पाहायचे. जीव वाचले, पण पोटे अर्धीच भरली. दुपारी मात्र सगळे ससे आणि सगळे लावे उठले आणि थेट हत्तीच्या दारात जाऊन बसले.

हत्ती चकित झाला. "आज एवढे सगळे? काय झालं?"

"महाराज, माळावर पहारा नाही," एक म्हातारा ससा म्हणाला.

"कधीपासून?"

"दिसतंय आजपासून. नव्हता मात्र मोर गेला त्या दिवसापासूनच."

बगळा घाईघाईने पुढे झाला. "महाराज, या टिटवीबाईंनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. पंख असून..."

हत्तीने सोंड उचलून त्याला थांबवले आणि टिटवीला बोलावणे धाडले. पाणवठ्यावरून निघण्याआधी तिने काठावरच्या जनावरांना "मी महाराजांकडे जाते, येईपर्यंत पाण्यावर येऊ नका" असे बजावले, मगच ती निघाली. हत्तीसमोर उभी राहून ती म्हणाली, "महाराज, मला पंख दोन आहेत, खरं आहे. पण पहारा पंखांनी होत नाही, डोळ्यांनी होतो. आणि डोळे एका वेळी एकाच ठिकाणी असतात."

तेवढ्यात टिटवीच्या मागोमाग आलेली हरिणी आपल्या पाडसाला घेऊन पुढे आली.  तिने पाडसाची पाठ हत्तीकडे वळवली फक्त. हत्तीने त्या तीन ओरखड्यांवरून हलकेच सोंड फिरवली.

"कारभारी," तो शेवटी म्हणाला, "नवा पहारेकरी येईपर्यंत माळावर तुम्ही उभे राहा. उभं राहायची तुम्हाला सवय आहे."

बगळा माळावर गेला. ऊन रणरणत होते. पांढऱ्याशुभ्र पिसांत कुसळे शिरली, पायांना लाल मुंग्या डसल्या, आणि इतके दिवस जो मिळत नव्हता तो पहारेकरी दिवस मावळायच्या आत मिळाला! काळा कुळकुळीत कोतवाल पक्षी. घारीच्या पाठीवर चोच मारायलाही न भिणारा.

"अरे, इतके दिवस कुठे होतास तू?" बगळ्याने कुसळे काढता काढता विचारले.

"हा काय, समोरच्या सावरीवर. मला हे काम हवंच होतं. पण रोज टिटवीताई दिसायची, म्हणून वाटलं इथे जागा नाही."

दुसऱ्या दिवशी उन्हे कलल्यावर हरिणी पाडसाला घेऊन पाणवठ्यावर आली. पाडस तहानेने पाण्याकडे ओढ घेत होते, पण आई काठाशीच थांबली.

"ताई, आहेस ना?"

"आहे," टिटवी म्हणाली. "आणि ज्या दिवशी नसेन, त्या दिवशी आधी सांगेन."

हरिणीने तिच्याकडे क्षणभर पाहिले. मग तिने मान खाली घातली आणि ती पाणी पिऊ लागली.

तात्पर्य : दोन कामे आपल्याच्याने धड होत नसतील तर तसे वेळीच आणि सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे, रिकामी जागा दिसली तर कोणी ना कोणी भरते, पण अर्धवट झाकलेली जागा विश्वासाने येणाऱ्याचा घात करते.