खैरमाळच्या सटवाची दवंडी

मामलेदार घोड्यावरून हिंडत, त्या काळची गोष्ट. खैरमाळ गावात सटवा नावाचा दवंडीवाला होता. सरकारचा हुकूम आला की तो हलगी वाजवत गावभर सांगायचा. त्याला एक अक्षरही वाचता येत नव्हतं. पण एकदा कानावर पडलेलं तो कधी विसरला नाही, असं म्हणतात.

एका वर्षी हुकूम आला. गावचं कुरण सरकारी घोड्यांसाठी राखीव, गावच्या गुरांनी आत पाय टाकायचा नाही. सटवानं दवंडी दिली आणि कुरणाला काटेरी कुंपण पडलं. वैशाखापर्यंत गुरांच्या बरगड्या वर आल्या. बैल गेले तर पेरणी कशानं करायची? गावानं अर्ज केले. मामलेदार म्हणायचे, "खैरमाळची तक्रार माझ्या कानावर आलीच नाही."

म्हातारी भागूबाई पारावर सटवाला म्हणाली, "तुझ्याच तोंडानं गेलं की रं आमचं कुरण!"

सटवाला ते लागलं. तो म्हणाला, "तोंड सरकारला दिलं होतं, आत्ये. आता तुम्हाला देतो. बोला."

तो घरोघर हिंडला. ज्याचं त्याचं बोलणं डोक्यात भरून घेतलं. स्वतःचा एक शब्द घातला नाही. मग तालुक्याला चालत गेला आणि कचेरीसमोर त्यानं हलगी वाजवली.

"ऐका हो ऐका! खैरमाळची भागूबाई सांगते, माझी गाय उठत नाही, मामलेदारानं येऊन उठवावी! ऐका हो ऐका! दगडू लोहार सांगतो, मामलेदाराचा घोडा माझ्या बैलाहून जाड झालाय, मिरगाला त्यालाच नांगराला जुंपतो!"

बाजारातले लोक हसले. शिपाई धावले. पण दवंडी मध्येच तोडायची नाही, ही रीत सरकारचीच. आणि ज्याच्यासाठी दवंडी, त्यानं 'ऐकलं' म्हटल्याशिवाय ती संपत नाही, हीसुद्धा. शिपायांनी काठ्या खाली केल्या.

मामलेदारांनी दारं लावून घेतली. तीन दिवस सटवा बोलत राहिला. पाण्यालाही थांबला नाही. आवाज सात गावांत गेला आणि तिथली माणसं येऊन त्याच्यामागं उभी राहिली. मामलेदारांनी कानात बोळे घातले, तर आवाज माठातून आला. दौत उघडली, तर दौतीतून भागूबाई बोलली, असं म्हणतात. चौथ्या दिवशी खैरमाळची गुरं कचेरीच्या दारात येऊन हंबरली. पुढं होती ती न उठणारी गाय.

मामलेदार अनवाणी बाहेर आले. "ऐकलं! ऐकलं रे बाबा!"

"काय ऐकलं, सरकार?" सटवानं विचारलं. "चारचौघांत सांगा."

मामलेदारांना सगळं पहिल्यापासून म्हणून दाखवावं लागलं. स्वतःच्या घोड्याचं नांगराला जुंपणंसुद्धा. मग कुंपण काढायचा हुकूम त्यांनी स्वतःच्या तोंडानं दिला. त्या दिवशी गुरं पोटभर चरली.

सटवा त्यानंतर बोलला नाही. आवाज त्यानं घराघरात वाटून टाकला, असं म्हणतात.

आजही खैरमाळची ग्रामसभा त्याच्या नावानं हलगी वाजवून सुरू होते. साहेब कितीही मोठा असो, शेवटच्या घराचं ऐकून होईपर्यंत त्याला खुर्ची मिळत नाही. मागच्या वर्षी एक साहेब जीपमधून उतरले आणि खुर्ची शोधू लागले. टोकाच्या झोपडीतली यमुनाबाई म्हणाली, "बसाल नंतर. आधी माझ्या नळाचं बोला."

साहेब उभेच राहिले. आता नळाला पाणी आहे.