घटकाभर थांबलेला हुकूम

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ज्या नदीकाठी ती घडली त्या नदीनेही तेव्हापासून दोनदा वाट बदलली.

त्या काठी एक राज्य होतं. राजा थकला होता आणि सारा कारभार प्रधानाच्या हाती होता. काय त्याचा दरारा! त्याने मान हलवली की फौज चालू लागे, शब्द टाकला की डोंगरातून घाट निघे. त्याच्याच हुकमावर तीन महिन्यांत नदीला दोन्ही बाजूंनी बांध पडले होते. लोक ते बघत आणि तोंडात बोटं घालत. कधी कधी प्रधानालाही आपल्याच शब्दाचं नवल वाटे.

एवढ्या अधिकाराला वेसण मात्र एकच होती. चावडीवर पाण्याने भरलेलं गंगाळ असे. हुकमाची दवंडी पिटली की एक म्हातारी त्यात घटिकापात्र सोडी. तळाला बारीक छिद्र असलेली ती तांब्याची वाटी घटकाभराने भरून बुडे. तोवर कुणीही, अगदी गुराख्यानेही, येऊन वाटी उचलली तर हुकूम थांबे आणि प्रधानाला त्याचं म्हणणं ऐकावं लागे. बारा वर्षांत कुणी वाटीला हात लावला नव्हता. प्रधान म्हणे, "जुनं खूळ आहे, चालू द्या."

एका सकाळी नदी फुगली. शहरात पाणी शिरलं, खालच्या आळीतली माणसं माळ्यावर चढली. प्रधानाने तडकाफडकी ठरवलं, पूर्वेचा बांध फोडायचा. तिकडे नुसतं माळरान होतं. पश्चिमेला राजाची लाडकी आमराई होती. तिला हात लावायचा अधिकार त्याला होता, धीर नव्हता.

दवंडी पिटली. हजार माणसं कुदळी घेऊन चावडीपुढे उभी राहिली. म्हातारीने वाटी पाण्यात सोडली.

"आजी, आज हे राहू दे!" प्रधान ओरडला. "शहर बुडतंय!"

"दिसतंय मला. माझं घर खालच्या आळीतच आहे, प्रधानजी."

प्रधानाचा संयम सुटला. त्याने पायाशी पडलेला गोटा उचलला. वाटीत टाकला असता तर ती क्षणात तळाला गेली असती.

"टाका," म्हातारी शांतपणे म्हणाली. "तुमचा हात धरायची ताकद माझ्यात नाही. पण मग तो हुकूम राहणार नाही, नुसती तुमची मर्जी होईल."

प्रधानाने समोर पाहिलं. त्याच्या शब्दावर पुरात उडी घेतील अशी ती हजार माणसं. पण त्यांतल्या एकाचीही नजर त्याच्याकडे नव्हती. सगळे वाटीकडे बघत होते. त्याने गोटा खाली ठेवला.

वाटी काठोकाठ भरत आली, तोच चिखलाने माखलेली एक बाई धावत आली आणि तिने ती उचलली.

"बांध फोडू नगा, सरकार!" तिला धाप लागली होती. "वरलं आमचं गाव राती वाहून गेलं. तीनशे माणूस त्या बांधाच्या पायथ्याला टेकलंय. लेकरं हायती, म्हातारी हायती. दवंडी आयकली अन् पळत आले."

प्रधानाने एकदा आमराईच्या दिशेने पाहिलं.

"पश्चिमेचा बांध फोडा," प्रधान म्हणाला. नव्या हुकमाची दवंडी पिटली, वाटी पुन्हा सोडली गेली. पाणी चावडीच्या पायरीला लागलं, तरी तो हूं की चूं न करता उभा राहिला. वाटी बुडाली, हजार कुदळी एकदम उठल्या आणि दुपारपर्यंत ती अफाट नदी आमराईकडे वळली. आमराई गेली, शहर वाचलं.

संध्याकाळी प्रधान एकटाच माळावर गेला. तिथे चुली पेटल्या होत्या, पोरं चिखलात खेळत होती. एका आजोबांनी त्याला बसवून घेतलं आणि हातावर भाकरी ठेवली. "कोण जी तुम्ही, पाव्हणं?" त्यांनी विचारलं. साऱ्या राज्याला हुकूम सोडणाऱ्या त्या माणसाने भाकरी दोन्ही हातांत धरली आणि मान खाली घातली. सकाळी आपण यांनाच बुडवायला निघालो होतो, एवढंच त्याला आठवत होतं, आणि डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

तात्पर्य: ज्याच्या शब्दाने सारं राज्य हलतं, त्याला थांबवायचा हक्क राज्यातल्या शेवटच्या माणसालाही असावा.